दीर्घायुष्याचे जपानी धडे आणि आपली वडीलधारी माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचे आयुष्य सरकारी फायलींत गेले. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. परंतु निवृत्ती दृष्टिपथात आली की मनुष्य निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो आणि ओघाने उरलेल्या आयुष्याचाही. त्या हिशेबापायी जपानी लोकांच्या राहणीविषयी जे वाचनात आले, त्यांतील थोडे आपणांपुढे ठेवतो.

शंभरी गाठणाऱ्यांना जपान सरकार १९६३ पासून चांदीचा पेला भेट देते. त्या वर्षी शतायुषी अवघे १५३ होते. २०२५ मध्ये ही संख्या ९९ हजारांवर गेली. खर्च इतका वाढला की २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी मुलाम्याच्या पेल्यावर भागवावे लागले. खर्चवाढीचे इतके शुभ कारण आमच्या तरी पाहण्यात नाही! या यशात १९६१ पासून सर्वांना मिळालेल्या आरोग्यविम्याचा आणि आहारातील मीठ कमी करण्याच्या प्रयत्नांचा वाटा आहेच. तरीही रोजच्या सवयींचे महत्त्व त्याने उणावत नाही.

पहिली सवय जेवणाची. पोटाचे दहा भाग कल्पून आठ भरले की थांबावे, यास ओकिनावा बेटांत 'हारा हाची बू' म्हणतात. कैबारा एक्केन या विद्वानाने वयाची ऐंशी उलटल्यावर, १७१३ मध्ये, 'योजोकुन' या आरोग्यविषयक ग्रंथात हाच मिताहार उपदेशिला. आपल्या वाग्भटाने तर त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे की, पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला द्यावा आणि चौथा मोकळा ठेवावा. आपण मात्र तो चौथा भाग श्रीखंडासाठी राखून ठेवतो.

दुसरी सवय शरीर हलते ठेवण्याची. जुन्या जपानी घरात बसणे-उठणे चटईवर. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी गुडघ्यांना आपसूक व्यायाम घडे. १९२८ मध्ये सुरू झालेली नभोवाणीवरील कवायत, मधला अल्प खंड सोडता, आजही चालू आहे. येथे चेन्नईत पहाटे दारापुढे वाकून कोलम काढणाऱ्या गृहिणी आणि मरीनावर फिरणारे वृद्ध आपण पाहतोच. आपले पाट मात्र माळ्यावर गेले.

सवयी सुटल्या की काय होते, याची साक्षही ओकिनावाच देते. दीर्घायुष्यात एके काळी अग्रस्थानी असलेला हा प्रांत २००० सालच्या आकडेवारीत पुरुषांच्या आयुर्मानात ४७ प्रांतांपैकी २६ व्या स्थानावर घसरला. मोटारी आल्या, तळलेले तयार अन्न आले आणि नव्या पिढीची राहणी पालटली. दीर्घायुष्य केवळ रक्तातून येत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. जपानी भाषेत तिला 'इकिगाई' म्हणतात. सकाळी अंथरुणातून उठावे असे वाटायला लावणारे प्रयोजन, असा तिचा अर्थ सांगता येईल. त्याचे उदाहरण शोधण्यास जपानला जाण्याची गरज नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले. तरुणपणी परीक्षेसाठी भर पावसात मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेले अण्णासाहेब पुढे हिंगणे ते पुणे अशी पायपीट वर्षानुवर्षे करीत राहिले. महिला विद्यापीठाची प्रेरणा त्यांना जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतून मिळाली, हे आपण जाणताच. परंतु खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी १९३६ मध्ये संस्था काढली तेव्हा त्यांचे वय ७८ होते, आणि १९४४ मध्ये समता संघ स्थापिला तेव्हा ८६, हे सहसा कोणी मोजीत नाही.

आता घरचे सांगतो. आमचे तीर्थरूप पोस्टातील नोकरी संपवून चिपळुणास राहत. मातोश्री गेल्यावर आम्ही त्यांना येथे आणले. पथ्याचे जेवण, औषधे, पंखा, कशाची वाण नव्हती. परंतु भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही. दिवसभर ते गॅलरीत बसत. सहा महिन्यांत त्यांचा आवाज बारीक झाला. आम्ही डॉक्टर बदलले. उपयोग झाला नाही. मग ग्रंथालयाचे तत्कालीन चिटणीस एकदा घरी आले आणि म्हणाले, "काका, आमच्या पुस्तकांची यादी कोणी नीट करीत नाही. आपण येता का?" दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः धोतराला इस्त्री केली. त्यानंतर नऊ वर्षे ते मंडळात चालत येत राहिले. ती यादी आजही कपाटात आहे. खरे औषध कोणते, हे पोटच्या मुलाला कळले नव्हते. ते चिटणिसांना कळले.

ओकिनावात 'मोआई' नावाची प्रथा आहे. ओळखीची माणसे नेमाने जमतात, वर्गणी काढतात, पाळीपाळीने उचलतात आणि एकमेकांच्या अडीअडचणीस धावतात. आपली भिशीच म्हणा ना! दूर देशी आलेल्या माणसाला मंडळ याहून वेगळे काय असते?

म्हणून एकच विनंती. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गॅलरीत बसलेले आई-वडील, सासू-सासरे आहेत. त्यांना केवळ गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसवून शाल देऊ नका, काम द्या. मुलांना मराठी शिकविणे, पुस्तके बांधणे, पत्रे लिहिणे, कामे पुष्कळ आहेत. हीरकमहोत्सवात ही मंडळी सत्कारमूर्ती म्हणून नव्हे, तर कार्यकर्ते म्हणून दिसोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.