शिकवण आणि वळण



निसर्गाची ठेव आजच्या पिढीनें वापरावी, पण पुढच्या पिढीचा वांटा बुडवूं नये, या विचारास 'शाश्वत विकास' असें नांव मिळालें आहे. हा विचार उच्च शिक्षणांत रुजावा म्हणून १९९० सालीं फ्रान्समधील तालवार येथें २२ विद्यापीठप्रमुखांनीं एक दशकलमी जाहीरनामा सिद्ध केला. विद्यापीठांनीं हा विषय शिकवावा, एवढ्यावरच तो थांबला नाहीं. संस्थेनें स्वतःच्या आवारांत काटकसर करून, कचरा कमी करून उदाहरण घालून द्यावें, असेंही त्यांतील एक कलम आहे.

भारतांत सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निकाल देतांना पर्यावरण हा विषय सक्तीनें शिकविला जावा, हें तत्त्व मान्य केलें. पुढें विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आंखून दिला.

सक्तीनें विषय आला. वळण मात्र सक्तीनें येत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं मार्गदर्शिका वाचून जलसंधारणावर उत्तर लिहिणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि बाहेरच्या गळत्या नळाजवळून खुशाल निघून जातो. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदास एक थेंब गाळणारा नळ दिवसाकाठीं ४ लिटरांहून अधिक आणि वर्षाकाठीं दीड हजार लिटरांहून अधिक पाणी दवडतो. हें गणित पडताळण्यास प्रयोगशाळा नको; एक मापाचा पेला आणि एक घड्याळ पुरे.

महाराष्ट्रास ही वाट अनोळखी नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय काढलें. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेंत विद्यार्थी श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवी. ज्यानें स्वतःच्या घामावर विद्या मिळविली, त्यास कोणत्याही वस्तूचें मोल निराळें शिकवावें लागत नाहीं.

तेव्हां प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या पाण्याचें, विजेचें आणि कचऱ्याचें मोजमाप विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावें आणि तें जमाखर्चाप्रमाणें दरसाल फलकावर लावावें. नासाडी आंकड्यांत दिसली, कीं ती झांकतां येत नाहीं. आजचा पदवीधर उद्यां ग्रामपंचायतींत, कारखान्यांत किंवा कचेरींत बसेल, तेव्हां साऱ्या गांवाचें पाणी त्याच्या हातीं असेल. नळ बंद करण्याचें वळण त्यास तोंवर लागलेलें असलें पाहिजे.