अमली पदार्थ, एच.आय.व्ही. आणि आपल्या घरातली स्त्री
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसतात. हे किनाऱ्यावरच्या परक्या लोकांचे प्रकरण, असे पेडण्यात म्हणतात. डिचोलीत ते खाणीवरच्या ट्रकवाल्यांच्या नावावर खपवतात. पण मोरजी, हरमल, मांद्रे ही गावे आपलीच. तिथे खोल्या भाड्याने देणारे आणि खाणीवर ट्रक घातलेले आपलेच भाऊबंद आहेत.

नशेतून हा विषाणू येण्याची एक वाट सुईची. जोडप्यात बहुधा पुरुष आधी टोचून घेतो, बाई मागून, त्याच सुईने. गोव्यात मात्र बहुतेक लागण शरीरसंबंधातून झालेली आहे. नशेत निरोधाची शुद्ध राहत नाही आणि व्यसनाला पैसा कमी पडला की बाईला शरीर विकावे लागते. तिसरी वाट थेट आपल्या उंबरठ्यातून आत येते. मणिपुरात १९९० च्या दशकात सुया टोचून घेतल्या पुरुषांनी आणि लागण त्यांच्या बायकांनाही झाली. त्यांतल्या कितीजणींनी नशेला हातही लावला नव्हता. सोनेतारणाच्या काउंटरवर बांगड्या घेऊन एकटी आलेली बाई पैसे कशाला हवेत ते सांगत नाही. आम्हीही विचारत नाही.

ती चाचणीला जात नाही, कारण गोव्याची आठवण तशीच आहे. १९८९ मध्ये रक्तदानातून लागण उघड झालेल्या डॉमिनिक डिसोझा यांना म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवले. त्यांच्या आईला हायकोर्टात जावे लागले. ते १९९२ मध्ये वारले, पण धास्ती मागे राहिली.

आता कायदा वेगळा आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही. खात्यातली शिल्लक आम्ही सख्ख्या भावालाही सांगत नाही, तशीच या अहवालाची गुप्तता. नवऱ्याला कळवल्यास तिला मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने त्याला कळवायचे नाही. आणि सुनेला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. जमीनजुमला असलेल्या आपल्या घरांनी हे कलम नीट वाचावे.

औषधे सरकार २००४ पासून फुकट देते. आईला वेळेवर मिळाली तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांखाली येतो.

लग्नापूर्वी चाचणी सक्तीची करावी, असा प्रस्ताव गोव्यात २००६ मध्ये सरकारनेच मांडला होता. आपल्यातही तो अनेकांना पटतो. मला पटत नाही. लग्नाच्या दिवशीचा अहवाल पाच वर्षांनंतरच्या सुईबद्दल काय सांगणार? त्यापेक्षा दोन्ही तालुक्यांच्या आमदारांना लेखी विचारू : व्यसन सोडू पाहणाऱ्या बाईसाठी वेगळी खाट कुठे आहे, चाचणीपूर्वी तिच्याशी बोलायला स्त्री समुपदेशक आहे का?

मसुदा चिटणिसांकडे ठेवला आहे. सह्या करताना भगिनींनी आधी कराव्यात. आणि १०९७ हा एड्सचा व १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मदत क्रमांक आजच लिहून घ्या.