टाळ्या आणि शेजार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या संताविषयी वा साहित्यिकाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज बिल रसेल या अमेरिकन बास्केटबॉलपटूविषयी बोलणार आहे. आपले गाव सोडून परक्या शहरात नाव कमावणाऱ्या माणसाला त्या शहराने कौतुकाखेरीज आणखी काय द्यावयास हवे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने फार रोखठोकपणे विचारला आहे.

रसेल यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ रोजी लुइझियाना राज्यातील मन्रो या गावी झाला. तेथे गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. आईने एकदा ठेवणीतला पोशाख घातला, तेव्हा तो गोऱ्या स्त्रीला शोभणारा आहे म्हणून पोलिसाने तिला घरी परत जाण्यास बजावले. अशा अपमानांना कंटाळून हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आले. बिल १२ वर्षांचे असताना आई वारली. शाळेत त्यांच्या खेळाची विशेष वाखाणणी झाली नाही; शिष्यवृत्ती देऊ करणारे सॅन फ्रान्सिस्को हे एकच विद्यापीठ निघाले. त्याच विद्यापीठाला त्यांनी १९५५ व १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अमेरिकन संघातून सुवर्णपदक पटकाविले.

त्यानंतर ते बोस्टनच्या सेल्टिक्स संघात दाखल झाले. १३ हंगामांत या संघाने ११ विजेतेपदे जिंकली. त्यांपैकी १९५९ पासूनची ८ तर सलग. त्यांचे प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन यांनी १९६२ साली एका सामन्यात १०० गुण केले होते. रसेल यांची सामन्यामागे सरासरी केवळ १५ गुणांची. त्यांचे सामर्थ्य बचावात होते. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू ते हवेतच अडवीत. परंतु तो प्रेक्षकांत भिरकावून वाहवा मिळविण्याऐवजी हलकेच सहकाऱ्याकडे वळवीत, आणि क्षणार्धात बचावाचे आक्रमण होई. अडविलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद त्या काळी ठेवीत नसत. त्यामुळे त्यांचे सर्वांत मोठे कौशल्य आकड्यांत सापडतच नाही! १९६६ साली ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलच्या या प्रमुख स्पर्धेतील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होत. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने त्यांनी १९६८ व १९६९ ची विजेतेपदे मिळविली.

आता मैदानाबाहेरची बाजू पाहू. १९६१ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथे हॉटेलच्या उपाहारगृहात त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खाणे नाकारले गेले. रसेल आणि ते सहकारी सामना न खेळता परत फिरले. बोस्टनजवळच्या रीडिंग गावी त्यांचे घर होते. त्या गावाने १९६३ साली त्यांचा थाटाने सत्कार केला. त्याच गावात दुसरे घर घेण्याचे त्यांनी मनात आणले, तेव्हा मात्र काही रहिवासी विरोधास उभे राहिले. त्यांच्या घरात शिरून कोणी करंडकांची मोडतोड केली आणि भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या. त्यांच्या कन्येने १९८७ साली लिहिलेल्या लेखात हे प्रसंग नोंदविले आहेत. सायंकाळी ज्यांच्या विजयाचा जल्लोष करावयाचा, त्यांचाच शेजार सकाळी नकोसा वाटावा, ही त्या काळच्या बोस्टनची शोकांतिका होती.

रसेल यांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १९६३ साली मिसिसिपीत नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली. त्यानंतर जॅक्सन शहरी जाऊन, जिवाला धोका असतानाही, त्यांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र खेळ शिकविला. ते स्वाक्षऱ्या देत नसत. त्यापेक्षा हस्तांदोलन करून चार शब्द बोलणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. लोक त्यांना उर्मट म्हणत. १९७२ साली त्यांचा ६ क्रमांकाचा गणवेश गौरवाने निवृत्त झाला, तोही त्यांच्या इच्छेनुसार, प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी. १९७५ साली बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात निवड झाली, तर ते समारंभास गेलेच नाहीत. आपल्याआधीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना डावलून मिळालेला मान त्यांना नको होता. त्यांपैकी चक कूपर यांची २०१९ साली निवड झाली, तेव्हाच त्यांनी त्या सन्मानाची अंगठी स्वीकारली.

काळ बदलला. १९९९ मध्ये बोस्टनकरांनी भरल्या सभागृहात त्यांचा गौरव केला. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक अर्पण केले. २०१३ मध्ये बोस्टनच्या सिटी हॉलसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. ३१ जुलै २०२२ रोजी, ८८ व्या वर्षी, ते निवर्तले. त्याच वर्षी त्यांचा ६ हा क्रमांक स्पर्धेतील सर्वच संघांनी निवृत्त केला.

बंधुभगिनींनो, आपले स्थलांतर आणि त्यांनी भोगलेले अपमान यांची तुलना करणे अनुचित ठरेल. या शहराने आपल्याला भाड्याने घरे दिली, आपल्या गणेशोत्सवात हौसेने भाग घेतला. म्हणूनच आपल्यावरील जबाबदारी अधिक आहे. उद्या आपल्या वसाहतीत निराळ्या जातीचे, धर्माचे वा प्रांताचे कुटुंब घर शोधीत येईल. त्या कुटुंबातील मुलाच्या खेळाला आपण टाळ्या देऊच. पण आपल्या शेजारची रिकामी खोली त्याच्या आईवडिलांना मिळावी म्हणून घरमालकाकडे शब्द टाकू का? पन्नाशी गाठलेल्या आपल्या मंडळाने येत्या वर्षात या प्रश्नाचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.