कोंबडीच्या घासातली वाळवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. परड्यात पंधरावीस कोंबड्या बाळगते, अंड्यांच्या पैशांत माझा वरखर्च भागतो, एवढाच माझा अधिकार. तेव्हा कोंबडीविषयीच चार शब्द सांगते.

माझ्या सासूबाई रोज सकाळी वाळवी लागलेला लाकडाचा ढलपा खुराड्यापुढे आपटीत. पिले नुसती तुटून पडत. मला मात्र किळस येई. सासूबाई गेल्यावर मी ते बंद केले. मुंगसाच्या भीतीने कोंबड्या जाळीत कोंडल्या व त्यांना कण्या आणि उरलेला भात घालू लागले. कोंबड्या गुबगुबीत झाल्या. मी खूश! पण सागोतीसाठी एक साफ करायला घेतली, तो पोटात पिवळ्या चरबीचा गोळा, आणि मांस बेताचेच.

कारण साधे आहे. तांदळात पिष्ट पुष्कळ, प्रथिने थोडी. अंगी मांस धरायला प्रथिने लागतात. ती अपुरी पडली, हिंडणेही थांबले, की जास्तीच्या पिष्टाची चरबी होते. सासूबाईंची वाळवी ती उणीव भरून काढीत होती.

हेच काम आता कारखान्यांत चालते. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढवतात. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. चरबीही बरीच असते, म्हणून तेल काढून उरलेली भुकटी खाद्यात मिसळतात. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांच्या प्रथिनांना परवानगी दिली.

हे कळल्यावर मी उत्साहाने पुन्हा वाळवी घालू लागले. घराच्या वाशांना औषध मारलेले होते. त्याच वाशाचा तुकडा मी पिलांपुढे आपटला. संध्याकाळपर्यंत अकरा पिले गेली. दोष माझाच. सासूबाई ढलपा कुठला आणायचा हे पारखून घेत. मी त्यांचे नुसते आपटणे पाहिले होते.

म्हणून सांगते, वाळवी जरूर घाला. पण घरातली नको, आणि फवारणी केलेल्या कलमांखालचीही नको. वाळवी नसेल तेव्हा कण्यांत थोडा बिनमिठाच्या सुकटीचा चुरा मिसळा. मात्र कोंबडी कापण्याआधी काही दिवस तो बंद करा, नाहीतर मांसाला वास येतो. रोज थोडा वेळ कोंबड्यांना परड्यात हिंडू द्या.

आणि घरात वडीलधारी बाई असेल, तर तिला आजच विचारून घ्या. मला विचारायला उशीर झाला.