दक्षिणेतील सात दिवस आणि घरातील एक रुमाल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कान्हे येथे केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी दक्षिणेची सात दिवसांची यात्रा केली. तिचा वृत्तान्त सांगावा, असा मंडळाच्या चालकांचा आग्रह पडला. पाहिलेले सर्वच सांगू लागलो, तर पाने मांडून होतील व आमचे भाषण संपणार नाही! म्हणून जे मनात घर करून राहिले तेवढेच निवेदन करतो.

पहिले दोन दिवस हंपीत गेले. विजयनगरची ही राजधानी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर लुटली गेली, ती पुन्हा वसली नाही. राजवाड्यांचे लाकडी इमले अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले व दगडी चौथरे तेवढे उरले. विठ्ठल मंदिरासमोरील दगडी रथ पन्नास रुपयांच्या नोटेवर आपण पाहतोच; परंतु त्या देवळात आज पूजा होत नाही. विरूपाक्षाच्या देवळात मात्र घंटा वाजते, दिवा लागतो. ज्याच्याशी माणसांचा संबंध राहतो ते टिकते, हा पहिला धडा तेथे मिळाला.

तिसऱ्या दिवशी म्हैसूरचा राजवाडा पाहिला. जुना लाकडी वाडा १८९७ साली जळाला. आजचा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याचे वैभव डोळे दिपवणारे आहे, हे खरे. पण आमचे चित्त तंजावरकडे लागले होते.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने इ.स. १०१० मध्ये पुरे केले. सुमारे २०० फूट उंचीचे ते विमान पाहताना मान भरून येते. याच नगरीत शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास राज्य स्थापिले व ते १८५५ पर्यंत भोसल्यांच्या घराण्यात राहिले. मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास दगडावर मराठीत कोरविला आहे. अक्षरे देवनागरी. आम्ही ती बोटाने लावू लागलो, तोच एका तमिळ तरुणाने मोडक्या हिंदीत विचारले, "हे तुम्हाला वाचता येते?" आम्ही एक ओळ मोठ्याने वाचून दाखविली. त्याने आदराने हात जोडले. घरापासून इतक्या दूर आपली भाषा भिंतीवर भेटावी, याचा आनंद काय वर्णावा!

दुसऱ्याच दिवशी त्या आनंदावर विरजण पडले. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. हे ग्रंथालय सरफोजीराजांनी नावारूपास आणले. मराठी हस्तलिखिते आणि तंजावर दरबारचे मोडी कागद तेथे जतन केले आहेत. ते ऐकताच आम्हाला आमच्या घरातील दोन रुमाल आठवले. आजोबांनी लाल फडक्यात बांधून ठेवलेले ते मोडी कागद. मोडी आमच्या शालेय वयापूर्वीच अभ्यासक्रमातून गेली होती. आम्हाला एक अक्षर लागत नसे. एका पावसाळ्यात माळा गळून त्यांतील एक रुमाल भिजला. आता याचा काय उपयोग, असे म्हणून आम्ही तो इंद्रायणीत सोडला. जन्मभर मुलांना इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने! परमुलखातील लोकांनी आपले कागद सांभाळले आणि आम्ही घरचे कागद आपल्या हातांनी बुडविले, हे शल्य आजही जात नाही.

सहाव्या दिवशी जिंजी. शिवछत्रपतींनी १६७७ मध्ये हा किल्ला घेतला. पुढे राजाराम महाराजांनी येथूनच राज्य राखले आणि १६९८ पर्यंत तो मोगलांशी झुंजला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसायादीत घेतले. त्यांत तमिळनाडूतील एकटा जिंजी आहे आणि आपल्या मावळातील लोहगडही आहे. ज्याच्या पायथ्याशी आपण राहतो, त्याचे नाते एवढ्या दूरच्या गडाशी जडलेले आहे.

सातव्या दिवशी परतीची गाडी धरली. घरी येताच उरलेला रुमाल माळ्यावरून काढला आणि पुण्यास एका मोडी जाणकाराकडे नेला. पुष्कळ कागद वाळवीने खाल्ले होते. एक मात्र शाबूत होता. त्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या: कोणत्या घराने कोणत्या वारी मोट चालवावी. खाली आमच्या पणजोबांचे नाव. ते आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकले. बुडविलेल्या रुमालात आणखी कोणती नावे होती, हे आता इंद्रायणीसच ठाऊक.

म्हणून बंधूंनो, एवढीच विनंती. घरी जाल तेव्हा माळा, फडताळ, देवघरामागचा कोनाडा पाहा. मोडी कागद सापडल्यास तो फेकू नका, उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका. मुलांकडून त्याची छायाचित्रे काढून ठेवा आणि जाणकारास दाखवा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच कार्य करीत आहे. ज्ञातीतील दोन-चार तरुणांनी मोडी शिकून घेतल्यास आपल्या घरांचे कागद आपणच वाचू शकू.

राजांनी आपला वंश दगडावर कोरविला. आपल्या वाडवडिलांपाशी दगड नव्हता. त्यांनी कागदावर लिहून तो आपल्या भरवशावर ठेवला. तो भरवसा आमच्याकडून एकदा मोडला. आपल्याकडून मोडू नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.