पावसाळ्यातील अळंबी : रानमेवा आणि दक्षता



आषाढ-श्रावणाच्या सरी सुरू झाल्या की पालघर तालुक्यातील माकुणसार, सफाळे, केळवे या परिसरातील जाणत्या माणसांची नजर वारुळांकडे वळते. तेथे उगवणारी पांढरी अळंबी पहाटे काढून, पानात बांधून बाजारात येते आणि हातोहात खपते. आदिवासी कुटुंबांना तिच्यापासून चार पैसे मिळतात व घरच्या जेवणालाही चव येते.

अळंबी ही वनस्पती नव्हे. ती बुरशीचे फळ होय. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड वारुळात नेऊन त्यावर या बुरशीची जणू शेतीच करते. अळंबीचा लांब देठ जमिनीखालच्या त्या शेतीपर्यंत पोहोचलेला असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये या कुळाला 'टर्मिटोमायसेस' हे नाव दिले. धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर घेता येते. वारुळावरील अळंबीची व्यापारी लागवड मात्र अद्याप साधलेली नाही, कारण तिला जिवंत वारूळच लागते. सबब, वारूळ फोडणे म्हणजे पुढील वर्षांच्या उत्पन्नावर पाणी सोडणे होय.

घरी आणलेली अळंबी त्याच दिवशी वापरावी. देठाचा मातकट भाग काढून ती धुतात, हाताने उभी फाडतात आणि कांदा, लसूण, हिरवी मिरची व ओले खोबरे घालून नीट शिजवितात. तांदळाच्या भाकरीबरोबर हे कालवण रुचकर लागते.

परंतु प्रत्येक छत्री खाण्याजोगी नसते. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये विषारी रानअळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला. काही अळंबींतील विष शिजवूनही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात. मग उलट्या-जुलाब थांबून बरे वाटते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. चांदीचे नाणे काळे पडते, लसणाचा रंग बदलतो, किडीने खाल्लेली अळंबी निर्धोक असते, या समजुतींना आधार नाही. खात्रीची ओळख नसेल तर अळंबी खाऊ नये, हाच एक नियम. त्रास होताच उरलेली अळंबी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. बरे वाटले म्हणून थांबू नये.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. हक्काबरोबर जतनाची जबाबदारीही येते. वारुळे राखण्याचा ठराव ग्रामसभेने करावा, शिक्षकांनी गावातील जाणत्या स्त्रियांना शाळेत बोलावून मुलांना ही ओळख करून द्यावी, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच विषबाधेची लक्षणे घरोघरी सांगावीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ज्ञान जाणत्यांबरोबर लोपले, तर रानातील अन्न उगवेल, पण ते ओळखणारे कोणी उरणार नाही.