पाहुण्यांचा भात



आषाढी एकादशी जवळ आली की पुण्यातल्या वाण्याकडं भगरीला गिऱ्हाईक वाढतं. उपासाला अन्न चालत नाही, भगर चालते. भगर म्हणजे वरीचे तांदूळ, नाहीतर वरीच्याच जातकुळीतलं दुसरं एखादं बारीक धान्य. शेंगदाण्याच्या आमटीबरोबर आपण ती पोटभर खातो आणि वर उपास घडला म्हणतो. याच पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात, दोन पिढ्यांपूर्वी ही वरी उपासाची नव्हती. ती रोजची होती. आणि भात? भात पाहुण्यांचा होता.

तालुके दोन असले तरी मुलूख एकच. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले आणि त्यांच्या मधून वाहणाऱ्या कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा या नद्या. बारा मावळांतलं गुंजण मावळ, कानद खोरं, हिरडस मावळ ते हेच. पुढं यातला बराचसा भाग पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानानं आपल्या तालुक्यांना किल्ल्यांची नावं दिली होती: विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, आणि घाटाखालचा सुधागड. वेल्हे तालुक्याचं नाव अलीकडं सरकारनं राजगड केलं, तेव्हा ऐकणाऱ्या अनेकांना ते नवं वाटलं. खरं तर ते जुनंच.

या मुलखात जमीन दोन तऱ्हेची. नदी-ओढ्याच्या अंगाला बांध घालून केलेली भातखाचरं, आणि वर डोंगराच्या उतारावरची वरकस जमीन. खाचरात भात, वरकसावर नाचणी आणि वरी. वरकस जमिनीला दरवर्षी पीक झेपत नाही. म्हणून पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळे म्हणजे खुरासणी, आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक टाकायची, असा फेर असे. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण अंथरून राब भाजायचे. त्या भाजलेल्या जागेत रोप टाकायचं, पाऊस लागला की ते रोप, म्हणजे तरवा, उपटून चिखलात आवणी करायची. भातासाठी राब, तसाच नाचणीसाठीही राब. नाचणी सुखासुखी उगवते असं कुणी सांगितलं तर त्यानं एकदा भर आषाढात, डोक्यावर इरलं घेऊन, उतारावर वाकून ती लावून बघावी.

खाचर घरटी थोडं. त्यात जो भात पिके त्याला वाटेकरी फार. सरकारचा वसूल, सावकाराचं देणं, मीठ-मिरची-कापडासाठी बाजारात विकायचा तो वेगळा. आंबेमोहोर ही इथल्या डोंगरपट्ट्याची नामांकित जात. शिजताना घरभर आंब्याच्या मोहराचा वास सुटतो, म्हणून हे नाव. हा वास ज्यांच्या दारात तयार झाला त्यांच्या नाकाला तो सणासुदीलाच येई. घरात राहायचा तो थोडासा तांदूळ गाडग्यात, पाहुण्यासाठी, बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी आणि देवासाठी. रोजच्या ताटात नाचणीची भाकरी, कण्यांची भाकरी, वरीचा भात. सकाळी शेतावर जाताना ताकात कालवून शिजवलेली नाचणीची आंबील. म्हणून घराची पत मोजायची झाली तर त्या घरात भात कितीदा शिजतो हे पाहिलं जाई. मुलगी देताना हा प्रश्न उघडपणे विचारला जात नसे, पण तिच्या घरचे त्याचं उत्तर काढून घेत.

वरीबद्दल एक गोष्ट शहरात कुणाला ठाऊक नसते. तिचा दाणा खसखशीपेक्षा थोडाच मोठा, आणि त्याला चिकटून बसलेलं टरफल. ते काढायचं म्हणजे आधी जात्यावर हलक्या हातानं भरडायचं, मग उखळात कांडायचं, सुपात पाखडायचं, पुन्हा कांडायचं, पुन्हा पाखडायचं. चार माणसांना एका वेळेचा भात पुरवायला पहाटेपासून कंबर मोडायची. हे सगळं बायकांच्या वाट्याला. पुढं गावाजवळ भाताची गिरणी आली, पोत्यातला भात तासाभरात सडून मिळू लागला. गिरणीत वरी नीट सडली जात नसे. तेव्हा वरी ताटातून गेली ती पुरुषांनी शेतात नाकारली म्हणून नाही. ती आधी उखळापाशी बंद झाली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. जुन्या अन्नाचं गुणगान करताना ते कुणाच्या मनगटावर उभं होतं हे विसरणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

भाकरीबरोबर कोरड्यास काय? इथं मात्र डोंगर उदार. पाऊस सुरू झाला की कुर्डू, टाकळा, भारंगी, कुळू, करटोली, चाईचा मोहोर, कळकाचे कोवळे कोंब, एकापाठोपाठ एक येत राहतात. कुठली भाजी नुसती परतायची, कुठली उकडून पाणी टाकून द्यायचं, कुठलीला चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय घशाला खाज सुटते, हे शिक्षण मुलींना आईच्या मागं डोंगरात हिंडूनच मिळे. पहिल्या मोठ्या पावसाला ओढ्यात चढणीचे मासे. खाचरांच्या बांधात मुठे, म्हणजे छोटे खेकडे. ते पाट्यावर वाटून, गाळून केलेलं झणझणीत कालवण आणि तांदळाच्या कण्यांची भाकरी हा आवणीच्या दिवसांतला थाट. ज्यानं मुठ्याचं कालवण खाल्लं नाही त्याला मावळचा पाऊस कळला असं मी म्हणणार नाही.

सुकी मासळी कोकणातून येई. वेल्ह्याच्या पश्चिमेला केळदजवळून मढे घाट उतरतो, भोरहून वरंधा घाटानं महाडला जाता येतं. या वाटांनी मीठ, सुकट, बोंबील वर येत. पाऊस कोसळत असताना चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेला बोंबील आणि नाचणीची भाकरी, यात समुद्र आणि सह्याद्री एका ताटात बसतात.

अन्नावर नाती कशी उभी राहतात ते पाहायचं तर इर्जिक पाहावी. एकाच्या शेतात नांगरणीला गावातली औतं गोळा व्हायची. मजुरी नाही. ज्याचं शेत त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवायला घालायचं, आणि ते जेवण साधं नसे. ऐपत असेल तर बकरं, नसेल तर निदान भात आणि गोडधोड. एरवी घरात महिनोन्‌महिने न शिजलेला तांदूळ त्या दिवशी मोठ्या भांड्यात चढे. म्हणजे कामाला आलेल्यांनाही पाहुण्यांचाच मान. कुणाच्या इर्जिकीला वाढण्यात हात आखडला गेला तर ते गाव पुढची कित्येक वर्षं विसरत नसे. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक मागं पडली. ट्रॅक्टर जेवत नाही, तो तासाचे पैसे घेतो.

आणि देव? गौरी येतात त्या दिवशी माहेरवाशिणीला नैवेद्य भाजी-भाकरीचा. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. मला यात शहाणपण दिसतं. लेक घरी आली की पहिल्या दिवशी तिला घरचं रोजचं जेवण हवं असतं, मानपान नंतर. गावच्या जत्रेला मात्र सगळा मामला उलटा. चैत्र-वैशाखात भैरवनाथाची, म्हसोबाची, काळूबाईची जत्रा, आदल्या दिवशी पोळीचा गोड नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी मटण. मुंबईला गोदीत, माथाडीत गेलेली माणसं गणपतीला एक वेळ येणार नाहीत, पण जत्रेला येतात. आधी आळणी, मग रस्सा, आणि पातेल्याशेजारी कोण बसणार, पहिला मान कुणाचा, यावरून होणारी भांडणं. ती भांडणंही जेवणाचा भागच. भांडण झालं नाही तर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही.

आता थोडं मागं वळून बघू, हे सगळं बदललं कसं. १९२८ मध्ये भोरजवळ भाटघरचं लॉईड धरण पूर्ण झालं. वेळवंडीच्या खोऱ्यातली चांगली खाचरं पाण्याखाली गेली आणि ते पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला मिळालं. पुढं पानशेत, वरसगाव झाली. पुणेकराच्या नळाला येतं ते पाणी वेल्ह्याच्या भातजमिनीवर साठलेलं आहे. नंतर नीरा देवघर, गुंजवणी. प्रत्येक धरणानं आधी खाचर घेतलं, कारण खाचर नदीकाठी असतं. उरला तो उतार.

दरम्यान १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं इंद्रायणी ही जात दिली. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती आली. वास आंबेमोहोराच्या घराण्यातला, उतारा मात्र जास्त, आणि ताट बुटकं म्हणून आंबेमोहोरासारखं वाऱ्या-पावसात लोळत नाही. आज भोर-वेल्ह्याच्या खाचरांत इंद्रायणीच जास्त दिसते. रेशनवर तांदूळ स्वस्त झाला, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो तीन रुपये किलोनं मिळू लागला, आणि २०२३ पासून फुकट. भात रोजचा झाला. ज्या आजीनं गाडग्यातला तांदूळ मोजून काढला तिच्या नातवाला भात सोडून दुसरं काही नको असतं. तिला त्याबद्दल वाईट वाटत असेल असं समजू नका. तिला बरंच वाटतं.

इथं मला ग्रीसची एक हकीकत सांगायची आहे, कारण ती फार ओळखीची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर क्रीट बेटावर रॉकफेलर फाउंडेशननं एक मोठी पाहणी केली. १९४८ मध्ये काम झालं, अहवाल १९५३ मध्ये छापला गेला. क्रीटचे लोक खात होते ते जवाचे नि गव्हाचे पाव-रस्क, ऑलिव्ह आणि त्याचं तेल, कडधान्यं, फळं, आणि डोंगरातून बायकांनी वेचून आणलेल्या रानभाज्या. त्या भाज्यांना ते होर्ता म्हणतात. उकडायच्या, वर तेल आणि लिंबू पिळायचं. पुढं अमेरिकेचे अॅन्सल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटमध्ये हृदयविकार अगदी कमी असल्याचं दिसलं, आणि हे जेवण जगभर नावाजलं गेलं. २०१० मध्ये भूमध्य सागराभोवतीच्या या आहाराला युनेस्कोनं मानवतेच्या वारशात जागा दिली. ग्रीसकडून त्यात कोरोनी नावाचं छोटं गाव पुढं केलं गेलं. पण १९४८ च्या त्या पाहणीत क्रीटच्या कुटुंबांना विचारलं होतं, तुमचं आवडतं अन्न कोणतं? बहुसंख्यांनी सांगितलं, मांस. आपल्या जेवणावर समाधानी असलेली घरं थोडी होती. जग ज्या ताटावर पुढं भाळलं, ते ताट वाढून घेणाऱ्यांना त्यातून सुटायचं होतं.

उपासाच्या बाबतीतही ग्रीक आपले भाऊबंद शोभतील. त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य. मासाही बऱ्याच दिवशी चालत नाही. पण ऑक्टोपस आणि कोळंबी चालते, कारण त्यांना रक्त नसतं अशी समजूत. आपल्याला एकादशीला भात चालत नाही आणि वरी चालते. उपासाला एक खिडकी उघडी ठेवण्याची हौस सगळीकडे सारखीच.

तर नाचणीचंही आता भाग्य फळफळलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. आपल्या सरकारनं त्यांना श्रीअन्न म्हटलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आता डॉक्टर सांगतात, म्हणून शहरात तिची बिस्किटं खपतात. ऑगस्टमध्ये कृषी खातं रानभाज्यांचे महोत्सव भरवतं आणि कुर्डूच्या जुडीला भाव येतो. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. गडावर तटबंदीची मोजमापं होतील, माहितीचे फलक लागतील. पायथ्याला गुंजवणे आणि पाली या गावांत रविवारी गर्दी असतेच, ती आणखी वाढेल.

तेव्हा तुम्ही तिकडं जाणार असाल तर एक सांगून ठेवतो. पायथ्याच्या घरांमध्ये पिठलं-भाकरी मागाल तर ज्वारीची नाहीतर तांदळाची भाकरी मिळेल. नाचणीची हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा, कारण पीठ दळून ठेवलेलं नसतं आणि ते फार टिकतही नाही. वरीचा भात हवा असेल तर आणखी आधी सांगा, आणि त्याचे पैसे इंद्रायणीपेक्षा जास्त सांगितले तर घासाघीस करू नका. पावसाळ्यात गेलात तर मुठ्याच्या कालवणाची चौकशी जरूर करा. ते मिळालंच तर भाकरी कण्यांची घ्या, आणि हात धुवायला गरम पाणी मागून घ्या. गार पाण्यानं तो वास दोन दिवस जात नाही.